गम्बोला इतिहास आहे, मग चान्यांना का नाही?

मिहानमधली ड्युटी संपवून आपली पोरं वर्धा रोडवरच्या बारमध्ये बसतात. टेबलावर 'केजन' बटाट्यांची प्लेट येते. हे केजन म्हणजे कोण?

1755 पासून इंग्रजांनी कॅनडाकडच्या अकाडियातून फ्रेंच शेतकऱ्यांना हाकललं. त्यातले बरेच अमेरिकेतल्या लुइझियानात वसले, तेच केजन. तिथल्याच न्यू ऑर्लिन्स शहराचं क्रिओल जेवण घडवण्यात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचा मोठा वाटा. 'गम्बो' या तिथल्या प्रसिद्ध रश्श्याचं नाव भेंडीच्या आफ्रिकी शब्दावरून आलं, असं मानतात. रांधणारे हात काळे, आणि गोऱ्यांच्या हॉटेलात बसायला बंदीही काळ्यांनाच!

1941 मध्ये तिथे 'डूकी चेस' ही काळ्यांची खानावळ सुरू झाली. पुढे लिआ चेस यांच्या हातचा गम्बो खात काळे-गोरे कार्यकर्ते वरच्या मजल्यावर आंदोलनं आखू लागले. असं एकत्र बसणं तेव्हा कायद्याविरुद्ध होतं. म्हणून गम्बोबरोबर त्या लढ्याचाही इतिहास सांगितला जातो.

आणि आपल्याकडे? नागपुरात कोष्टी विणकरांच्या सावजी रश्श्याच्या पाट्या चौकाचौकांत आहेत. चान्यांची पाटी दिसत नाही. ओढलेल्या जनावराचं मांस एकदम वाट्याला यायचं, टिकवायला दुसरं साधन नव्हतं. म्हणून आपल्या आज्या त्याच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या. त्या चान्या.

काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनी 1927 ला महाडमध्ये मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, मग ही आठवण कशाला? आमचं उत्तर सरळ आहे. बाबासाहेबांनी लाचारी सोडायला सांगितली, इतिहास विसरायला नाही. 1948 च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात अस्पृश्यतेचं मूळ शोधताना त्यांनी स्वतःच गोमांसाचा प्रश्न मध्यभागी ठेवला.

2015 मध्ये महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही बंदी आली. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं आणि आपल्या चुलीवरचं जेवण पुस्तकात नोंदलं गेलं. हे काम एका लेखकावर सोडून चालणार नाही.

चान्यांचा उदो उदो नको आणि लाजही नको. लाज वाटायचीच तर ज्यांनी ते खायला भाग पाडलं त्यांना वाटावी. आजी आहे तोवर तिला विचारा, लिहून ठेवा. आपण लिहिलं नाही, तर उद्या एखादा हॉटेलवाला आपली चव विकेल आणि आपलं नाव गाळेल.

जय भीम!