त्रिंकोमाली, दुसऱ्यांदा



आमच्या बेळगावात समुद्र नाही, पण समुद्राशी आमचं नातं जुनं आहे. रेल्वे यायच्या आधी इथल्या माणसाला मुंबईला जायचं असलं की घाट उतरून वेंगुर्ला गाठायचं आणि तिथं आगबोट धरायची, हीच सोयीची वाट होती. आधी राम घाट, नंतर आंबोलीचा. कॅम्पातल्या गोऱ्या पलटणींचा मालसुद्धा वेंगुर्ल्यालाच उतरायचा आणि बैलगाड्यांनी वर यायचा. १८८०च्या दशकात रेल्वे आली आणि बेळगाव हळूहळू समुद्राला विसरलं. पलटणीला मात्र विसरता आलं नाही.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गेल्या काही वर्षांत आम्ही दोघं नवरा-बायको तीनदा क्रूझवर जाऊन आलोय. पहिल्यांदा मुंबई-गोवा ‘आंग्रिया’, ती २०१८च्या ऑक्टोबरात सुरू झाली होती. मग ‘कॉर्डेलिया’नं मुंबईहून लक्षद्वीप. आणि २०२३च्या जूनमध्ये चेन्नईहून श्रीलंका. संध्याकाळी फिरायला जाणारे आमचे दोस्त विचारतात, “सुभेदारसाहेब, एवढे पैसे भरून पाण्यावर बसायचं, जायचं कुठं तर कुठंच नाही, फिरून परत तिथंच. ह्यात मजा ती काय?” ह्याचं उत्तर फिरता फिरता देता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. जरा लांबेल.

आमच्या रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण १७६८ची, मुंबईच्या कंपनी सरकारनं उभी केलेली. मुंबईची फौज म्हटली की जहाज आलंच. १८०१ साली मुंबई इलाख्यातले शिपाई तांबड्या समुद्रातून थेट इजिप्तच्या किनाऱ्याला उतरले होते. समुद्र ओलांडला की धर्म बाटतो ही समजूत तेव्हा चांगलीच पक्की. बंगालच्या फौजेत १८२४ साली बराकपूरला ब्रह्मदेशाच्या मोहिमेवरून बंड झालं, त्यात समुद्राची धास्ती हे एक कारण होतं. मुंबईचे शिपाई मानानं लवकर तयार होत. पण तेही असेच नव्हेत. पिण्याच्या पाण्याची पिंपं वेगळी लागत, आणि बोटीवर चूल पेटवायची नाही म्हणून कित्येक जण दिवसचे दिवस फुटाणे खाऊन काढत. इतिहासाच्या पुस्तकात मोहिमेचं नाव असतं, सेनापतीचं असतं. फुटाण्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत. मला विचाराल तर खरी मोहीम तीच.

आता घरातलं सांगतो. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, आमच्या घरात त्यांना ‘थोरले आबा’ म्हणतात, ११०व्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये तीन ब्रिगेड होत्या. त्यातल्या अठराव्या ब्रिगेडचं नावच बेळगाव ब्रिगेड, आणि ११०वी पलटण तिच्यातली. डिव्हिजनची पहिली तुकडी ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघाली. त्यात ११७वी मराठा होती. ती जहाजं बहारीनपाशी जाऊन नांगर टाकून उभी राहिली, कारण तुर्कांशी लढाई अजून जाहीर झाली नव्हती. उन्हात तापलेल्या लोखंडात माणसं बसून राहिली. ६ नोव्हेंबरला ते फावला उतरले. बेळगाव ब्रिगेड त्यांच्या मागोमाग त्याच महिन्यात पोचली.

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. बसरा घेतलं, तैग्रिस नदीनं वर वर जात राहिले, बगदादच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथून माघार घेऊन कूत-अल-अमारात अडकले. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा. आपल्या तीन पलटणी आत होत्या, १०३वी, ११०वी आणि ११७वी. दाणा संपला तेव्हा घोडे कापले. आपल्या शिपायांनी घोड्याचं मांस कितीतरी दिवस तोंडाला लावलं नाही, भाकरीचा तुकडा कमी कमी होत गेला तरी. शेवटी शरणागती झाली आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत गेली. तिथून वाळवंटातून पायी. रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलेल्यांत हिंदी कैदी पुष्कळ होते. थोरले आबा त्यात होते की वाटेतच राहिले, घरी कुणाला कळलं नाही. तारीख नाही म्हणून तिथी नाही. आमच्याकडे त्यांचं पान सर्वपित्री अमावास्येलाच वाढतात, आजही.

बसऱ्याला इंग्रजांनी मोठं स्मारक बांधलं. त्यावर गोऱ्या शिपायापासून सगळ्यांची नावं कोरली. हिंदी फौजेतल्या सुभेदार-जमादारांचीही कोरली. त्याखालच्यांची नुसती संख्या. अमुक पलटण, आणि इतर एवढे. ज्या आयोगानं ती स्मारकं केली त्यानं २०२१ साली अहवाल काढून ह्याबद्दल माफी मागितली. बरं केलं. मी स्वतः सुभेदार, तेव्हा हिशेबानं माझं नाव त्या दगडावर बसलं असतं आणि थोरल्या आबांचं नाही. हा विचार मनातून जात नाही.

दुसऱ्या युद्धात माझे वडील गेले, इटलीला. सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी हिंदी डिव्हिजन तारांतोला उतरली, त्यात मराठ्यांची पलटण होती. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ह्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच इटलीच्या लढायांत. घाडग्यांना मरणोत्तर. वडील लढाईबद्दल थोडंफार बोलायचे, जहाजाबद्दल मात्र एकच सांगायचे, की खालच्या तळात झोपायचं, वर कुठं आहोत ते कळायचं नाही, आणि पाणबुडीच्या भीतीनं रात्री डेकवर विडीसुद्धा ओढायची बंदी. विडीचं दुःख त्यांना शेवटपर्यंत होतं. ते परत आले आणि पुन्हा कधी बोटीत चढले नाहीत. आमच्या आत्याला रत्नागिरीकडे दिली होती. तिच्याकडे जायला एस.टी.नं दिवस मोडायचा, पण वेंगुर्ल्याहून बोट धरा म्हटलं की नको म्हणायचे. त्याला कारणही होतं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. स्वातंत्र्याला महिना राहिला होता. कोकणातल्या आणि आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या मनात बोट म्हणजे ‘रामदास’ असं पुढं कितीतरी वर्षं होतं.

तर अशा घरातला मी. माझ्या वाट्याला जहाज आलं ते १९९० साली.

जुलै १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला आणि शांतिसेना गेली. मी नंतर गेलो, जाताना विमानानं. तिथं काय झालं हे इथं लिहीत नाही, आणि पलटणीचा नंबरही लिहीत नाही. एवढंच की हजाराच्या वर आपले जवान तिथं गेले. त्यातला एक पोरगा माझ्या प्लाटूनचा होता, बेळगाव तालुक्यातलाच. त्याचे घरचे अजून इथंच आहेत म्हणून नाव नको. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. आम्ही त्याच्या थोडे आधी, त्याच बंदरातून मद्रासला आलो. पुढचं तोंड उघडतं आणि गाड्या आत जातात, तसलं जहाज. किटबॅग उशाला घेऊन लोखंडावर पडलो. बंदर मागं पडताना बरेच जण वर उभे होते. कुणी बोललं नाही. मी त्रिंकोमालीत एवढे महिने काढले, पण ते शहर मला आठवत होतं ते ट्रकच्या फळीवरून, हातात रायफल धरून बघितलेलं.

आता क्रूझ. ‘कॉर्डेलिया’चं ‘एम्प्रेस’ हे जहाज फ्रान्समध्ये सँ-नाझेरच्या गोदीत बांधलं, आणि तयार झालं ते साल १९९०. मी किटबॅगवर डोकं ठेवून मद्रासला येत होतो तेव्हा तिकडं ह्याचं काम संपत आलं होतं. अकरा मजले, आठशेच्या आसपास खोल्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा बायको म्हणाली, “अगं बाई, हे तर कॅम्पातल्या बराकीएवढं आहे.” मी म्हटलं, बराकी मोज, चार-पाच भरतील.

आत काय असतं ते तरुण मंडळींनी व्हिडिओत दाखवलंच आहे. पोहायचा तलाव, कॅसिनो, रात्रीचं गाणं-बजावणं. तरंगतं मॉल आहे म्हणून नाक मुरडणारे आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. एवढं अवाढव्य जहाज तेल किती जाळत असेल, हाही प्रश्न रास्तच. पण मी ज्याच्यासाठी जातो ते वेगळं. सकाळी जाग आली तरी उठायचं नाही. फॉलिन नाही, रोलकॉल नाही. खिडकीतून पाणी दिसतं. तळात झोपणाऱ्या माणसाच्या मुलाला ह्याची किंमत काय असते ते सांगता येत नाही, बघा. जेवायला गेलं की शाकाहारी वेगळं, जैनांचं वेगळं, मासे वेगळे. मला दरवेळी ती पाण्याची वेगळी पिंपं आठवतात आणि हसू येतं. एका सकाळी मी मुद्दाम फुटाणे मागितले. त्या गोव्याच्या वाढप्यानं कुठून तरी खारे शेंगदाणे आणून दिले. तेही चालले.

एक गोष्ट मात्र मी सोडत नाही, ती म्हणजे सुटायच्या आधीची कवायत. सात छोटे भोंगे आणि एक लांब वाजला की ठरलेल्या जागी जमायचं, जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ साली समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, ही शिस्त त्या वाटेनं आलेली. लोक कुरकुर करत, हातात सरबत घेऊन येतात. आम्ही दोघं सगळ्यात आधी हजर. तिसऱ्या सफरीत तिथल्या पोरीनं विचारलं, “अंकल, आर्मी?” मी म्हटलं, होय की.

मुलगा आधी म्हणाला होता, “बाबा, श्रीलंकेला नको. बाकी कुठंही जा.” त्याची काळजी मला कळत होती. पण जहाज जाफन्याजवळच्या कांकेसनतुरईला आणि त्रिंकोमालीला लागणार हे वाचल्यापासून माझं ठरलं होतं. बायकोनंच त्याला गप्प केलं. मी तिकडं होतो ती वर्षं तिनं इथं पत्राची वाट बघत काढली होती. तिलाही ते गाव बघायचंच होतं.

जूनमध्ये आपल्याकडं झड लागलेली असते, पण लंकेच्या पूर्व किनाऱ्याला ते दिवस शांत समुद्राचे. सकाळी डेकवरून बंदराचं तोंड दिसलं आणि मी ओळखलं. इतकं खोल, तिन्ही बाजूंनी झाकलेलं नैसर्गिक बंदर जगात थोडी. म्हणून तर पोर्तुगीज, डच, इंग्रज सगळे त्याच्यासाठी भांडले. आम्ही कोणेश्वराला गेलो. जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं आणि त्याच दगडांनी शेजारी किल्ला बांधला. गोव्याच्या मंडळींना ही गोष्ट नवी नाही. आताचं देऊळ फोर्ट फ्रेडरिकच्या आत, कड्याच्या टोकाला आहे, आणि किल्ल्यात आजही लंकेची फौज राहते. दारावर एक संत्री उभा होता, माझ्या नातवाच्या वयाचा. आवारात हरणं फिरत होती. पायऱ्यांवर बायको दमली तर एका तमिळ आजीनं तिला सावलीत जागा दिली. दोघींची भाषा जुळेना, तरी अर्धा तास गप्पा चालल्या.

संध्याकाळी जहाज सुटलं. मी वरच्या डेकवर त्याच बाजूला उभा होतो जिथून १९९०ला बंदर मागं पडलं होतं. फरक एवढाच की मागं स्पीकरवर हिंदी गाणी लागली होती आणि चेन्नईची, हैदराबादची पोरं नाचत होती. बायकोनं विचारलं, त्रास होतोय का, खाली जाऊया का. मला अजिबात होत नव्हता. त्या पाण्यावर नाच-गाणं चाललंय हे मला बरंच वाटलं. मी तिला पहिल्यांदाच त्या पोराचं नाव सांगितलं, कुठल्या गल्लीतला, कसा बोलायचा ते. ती ऐकत राहिली. अंधार पडला तेव्हा खाली जाऊन दोघांनी आइस्क्रीम खाल्लं.

कोलंबोजवळ श्री जयवर्धनपुर कोट्टेला शांतिसेनेचं स्मारक आहे. तिथं शिपायांची नावंही कोरली आहेत, नुसती संख्या नाही. त्याचंही आहे, असं पलटणीतल्या एका दोस्तानं सांगितलं. आमच्या सफरीत कोलंबो नव्हतं. आता तिथं थांबणारं जहाज शोधतोय. मुलगा म्हणतो विमानानं दोन तासांत जाऊन या. विमानानं नको.