मांसातल्या पांढऱ्या कणांचा मागोवा

मेलेल्या रानपाखराची छाती उघडली आणि लाल मांसात तांदळाच्या दाण्यासारखे पांढुरके कण दिसले, की ते परजीवी असावेत हे आज नवखा पशुवैद्यही ओळखतो. ते कोणते, हे मात्र नुसत्या डोळ्यांना कधीच कळलेले नाही. या ओळखीच्या उगमाशी आपण गेलो तर तिथे पक्षी नव्हे, घरातला उंदीर भेटतो. १८४३ साली स्वित्झर्लंडमध्ये मीशर यांना उंदराच्या स्नायूंत दुधी धागे आढळले. १८८२ मध्ये इंग्लंडच्या रे लँकेस्टर यांनी अशा परजीवींना ‘सार्कोसिस्टिस’ हे प्रजातीनाम दिले आणि १८९३ मध्ये अमेरिकेत स्टाइल्स यांनी पक्ष्यांच्या मांसातल्या पुटींचे, म्हणजे परजीवींनी भरलेल्या पिशव्यांचे, नामकरण केले. त्याच सुमारास, १८८३ साली, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. उष्ण कटिबंधातले पक्षी जमवण्याचा तो सुवर्णकाळ होता. पण संग्रहांची प्रचलित रीत अशी होती: कातडी सोलायची, आत कापूस भरायचा, पायाला तारीख-ठिकाणाची चिठ्ठी बांधायची आणि मांस टाकून द्यायचे. पिसे राहिली, स्नायूंतला इतिहास गेला. ही हानी मला फार मोठी वाटते, कारण ती आता भरून निघणार नाही.

पुढची कित्येक दशके नवा प्राणी, नवी पुटी, नवे नाव असाच क्रम चालला. खरे वळण आले ते १९७०मध्ये. अमेरिकेत फेयर यांनी ग्रॅकल पक्ष्याच्या स्नायूंतले जीव काढून प्रयोगशाळेतल्या पेशींत वाढवले, आणि दोनच वर्षांत त्यांच्यात नर-मादी रूपे तयार होतात हे दाखवून दिले. १९७२मध्येच जर्मनीत रोमेल आणि हायडॉर्न यांनी कोडे सोडवले: भक्ष्याच्या स्नायूंत अर्धे आयुष्य आणि भक्षकाच्या आतड्यात उरलेले अर्धे. मग एडिथ बॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या काउबर्ड पक्ष्याच्या परजीवीचा दुसरा यजमान शोधला. तो निघाला ओपॉसम हा पिशवीधारी प्राणी. १९८४ मध्ये त्यांनी या ‘सार्कोसिस्टिस फाल्काट्युला’चे सविस्तर वर्णन केले. अमेरिकेतल्या पक्षिगृहांत आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाचे पोपट याच परजीवीने पटापट मरत होते. ओपॉसमची विष्ठा झुरळे खात आणि झुरळांमार्फत रोग पिंजऱ्यात शिरे. स्नायूंत पोहोचण्याआधी हा जीव फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत वाढतो. म्हणून मेलेल्या पोपटाचे मांस स्वच्छ दिसू शकते आणि मरणाचे कारण असतो तोच ‘स्नायूंचा’ परजीवी.

आता आपण भारतात येऊ. १९७० मध्येच लेवाइन आणि सहकाऱ्यांनी इथल्या कोंबड्यांच्या स्नायूंतल्या पेरापेरांच्या पुटींना ‘आर्थ्रोसिस्टिस गाली’ असे नवेच नाव दिले. पुढच्या अभ्यासकांना मात्र तो रक्तातल्या परजीवींचा नातलग असावा असे वाटू लागले. या शंकेला १९८१ मध्ये बळ मिळाले: थायलंडमधल्या, आपल्या कंठवाल्या पोपटाच्या जवळच्या नात्यातल्या एका पोपटाच्या स्नायूंत ‘हिमोप्रोटिअस’ या रक्तातल्या परजीवीच्या वाढीच्या अवस्था सापडल्या. वरून सारखेच दिसणारे कण अशा रीतीने दोन वेगळ्या घराण्यांत विभागले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली सार्कोसिस्टिसची पुटी स्नायुतंतूच्या आत, केळ्याच्या आकाराच्या जीवांनी भरलेली दिसते. हिमोप्रोटिअसच्या मोठ्या पुटीत अतिसूक्ष्म जीवांची दाटी असते आणि भोवती बऱ्याचदा रक्तस्राव दिसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पुटीच्या भिंतीवरचे उंचवटे दाखवले, तर जातीचा निवाडा आज बहुधा डीएनएवर होतो. ब्राझीलच्या ओपॉसममधून २००१ मध्ये वर्णिलेली ‘सार्कोसिस्टिस लिंडसेयी’ ही फाल्काट्युलाच्या इतकी जवळची आहे, की निव्वळ पुटी पाहून ती कुणी ओळखू नये.

फॉर्मॅलिनमध्ये ऊतींची रचना टिकते, डीएनए मात्र तुटत जातो. अल्कोहोलमध्ये डीएनए चांगला राहतो. म्हणून आपल्याकडच्या वन्यजीव उपचार केंद्रांना, पशुवैद्यांना आणि संग्रहालयांना विनंती आहे: परवानगीने मृत पक्ष्याचे शवविच्छेदन कराल तेव्हा छातीच्या स्नायूचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा अल्कोहोलमध्ये, तारीख-ठिकाणासह जपून ठेवा. फुप्फुसाचाही ठेवा.