शिक्षा, शिक्षण आणि शिकवणे

२००१ च्या सुमारास केंद्र सरकारचे ‘सर्व शिक्षा अभियान’ आपल्या शाळांत आले, तेव्हा त्याचे नाव मराठी कानाला खटकणारेच होते. २०१८ मध्ये ते ‘समग्र शिक्षा’ योजनेत विलीन झाले, तरी ‘शिक्षा’ राहिलीच! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत छडी, अंगठे धरणे, नाहीतर तुरुंग. कन्नड आणि तेलुगूतही या शब्दाचा रूढ अर्थ दंड असाच आहे. असे का झाले असावे?

आपण थोडे मागे जाऊ. सहा वेदांगांपैकी एक ‘शिक्षा’. ते उच्चारांचे शास्त्र. दंडाशी त्याचा संबंध नाही. धातुपाठात ‘शिक्ष्’ हा स्वतंत्र धातू असून त्याचा अर्थ विद्या घेणे असा आहे. भाषाशास्त्रज्ञ मात्र त्याचे मूळ ‘शक्’, म्हणजे समर्थ असणे, या धातूत पाहतात. ‘ज्ञा’पासून जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, ‘पा’पासून पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, तशीच ‘शक्’पासून शिक्षा, म्हणजे समर्थ होण्याची इच्छा. ही इच्छा शिकणाऱ्याची आहे, हे ध्यानात घ्यावे.

संस्कृतात ‘शास्’ असाही एक धातू आहे. उपदेश करणे, सत्ता चालवणे आणि दंड करणे हे तिन्ही त्याचेच अर्थ. शास्त्र, शासन आणि शिष्य हे शब्द त्यातून आले. शिकवणे आणि वठणीवर आणणे ही एकाच हाताची कामे, ही समजूत किती जुनी आहे ते यावरून दिसते. ‘शिक्षा’ शब्दही याच समजुतीच्या वाटेने गेला असावा.

मराठी ‘शिकणे’ आले प्राकृत ‘सिक्ख’वरून. ‘शिकवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप, जसे हसणे-हसवणे. कोणी हसलेच नाही, तर ‘मी हसवले’ असे म्हणता येत नाही. मग कोणी शिकले की नाही हे न पाहता ‘अपूर्णांक शिकवले’ असे आपण टाचणवहीत कसे लिहितो?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. शिक्षेचा मराठी अर्थ कायद्याने वर्गाबाहेर काढला. मूळ अर्थ आत आणणे हे आपल्याच हाती आहे. सुरुवात म्हणून टाचणवहीत ‘काय शिकवले’ याच्या शेजारी ‘मुले काय शिकली’ असा रकाना आखून पाहावा, असे आम्ही सुचवतो.