कल्याणच्या लेकीचं परदेशी सामान



आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीत आता एका घराआड कुणीतरी परदेशी निघालेलं असतं. बोटीनं जाणाऱ्या सामानाचं भाडं बहुधा त्यानं व्यापलेल्या जागेवर ठरतं. मग घरात खल चालतो: पोळपाट-लाटणं न्यायचं का? कुकर न्यायचा का?

हाच प्रश्न १८८३ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींसमोर होता. त्यांचं माहेर कल्याणचं. नुकतं अठरावं वर्ष पूर्ण झालेलं. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला, ते मागेच राहिले. ७ एप्रिलला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला उतरल्या. थिओडोशिया कार्पेंटरबाईंनी त्यांना न्यू जर्सीतल्या आपल्या घरी ठेवून घेतलं.

निघण्यापूर्वी त्यांनी जाहीर सांगितलं होतं की आपला आहार आणि पोशाख बदलणार नाही. शब्द पाळला. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीनं पाय झाकेनात, तेव्हा त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. साडी राहिली, नेसण्याची तऱ्हा बदलली. १८८५ च्या प्रसिद्ध छायाचित्रात जपानी आणि सीरियन मैत्रिणींशेजारी त्या साडीतच आहेत.

दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, आपले वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले. मुनींना पायी विहाराचा नियम, म्हणून आत्मारामजी महाराजांच्या वतीनं ते गेले. डोक्यावर पगडी, ताटात शाकाहार.

पण निग्रह एकट्यानं पेलणं सोपं नसतं. आनंदीबाईंची प्रकृती तिकडेच ढासळत गेली. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. न्यू यॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे.

म्हणून लेकी-सुनांची पेटी भरताना मी सांगते: नियम पाळायचा तर पोटभर रांधता आलं पाहिजे. कुकर, मिसळणाचा डबा आणि पाण्याचं गळणं आधी ठेवा. शोभेची भांडी जागा उरली तर. डाळी-मसाले आणि लाकडी वस्तूंचे त्या देशाचे नियम आधी पाहा. ऑस्ट्रेलियात तर फारच कडक तपासणी होते. बाकी सगळं तिकडे मिळतं.