बडतर्फीपासून लष्कर सचिवपदापर्यंत

17 मे 2016 रोजी अमेरिकेच्या सिनेटने एरिक फॅनिंग यांच्या लष्कर सचिवपदावरील नियुक्तीला आवाजी मतदानाने संमती दिली. समलिंगी असल्याचे उघडपणे सांगणारी व्यक्ती सिनेटच्या मान्यतेने एखाद्या अमेरिकी सेनादलाच्या सर्वोच्च नागरी पदावर येण्याची ही पहिलीच वेळ होती. लष्कर सचिव गणवेशधारी नसतो. भरती, प्रशिक्षण, शस्त्रसामग्री आणि खर्च यांची जबाबदारी त्याच्यावर असते, आणि लष्करप्रमुख जनरल त्याच्या अधिकाराखाली काम करतो. याच लष्कराने समलिंगी सैनिकांना दोन शतकांहून अधिक काळ बाहेरची वाट दाखवली होती.

या बडतर्फीची सर्वांत जुनी ज्ञात नोंद स्वातंत्र्ययुद्धातील आहे. मार्च 1778 मध्ये व्हॅली फोर्जच्या छावणीत लेफ्टनंट गॉटहोल्ड फ्रेडरिक एन्सलिन यांना लष्करी न्यायालयाने दोषी ठरवले. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी शिक्षा कायम केली आणि साऱ्या फौजेसमोर ढोल वाजवत एन्सलिन यांना छावणीबाहेर काढण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात अशा सैनिकांच्या हाती निळ्या कागदावरचा सेवामुक्तीचा दाखला दिला जाई. त्या रंगामुळे कारण न सांगताही कळे. नोकरी मिळणे अवघड होई आणि माजी सैनिकांच्या शिक्षणासाठी व घरकर्जासाठी असलेल्या सवलतीही नाकारल्या जात.

1953 मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशाने हीच बंदी केंद्र सरकारच्या नागरी नोकऱ्यांनाही लागू झाली. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी हे दुसऱ्या महायुद्धात लढलेले सैनिक. 1957 मध्ये लष्कराच्या नकाशा विभागाने त्यांना कामावरून काढले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण 1961 मध्ये न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासच नकार दिला. पुढचे सारे आयुष्य त्यांनी या लढ्याला दिले. 2009 मध्ये सरकारने त्यांची रीतसर माफी मागितली.

1975 मध्ये हवाई दलातील सार्जंट लेनर्ड मॅटलोविच यांनी आपण समलिंगी असल्याचे पत्र वरिष्ठाच्या हाती दिले. व्हिएतनाममध्ये जखमी झालेल्या मॅटलोविच यांच्याकडे शौर्यपदके होती. पत्राचा अर्थ काय, असे त्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने विचारले. उत्तरादाखल मॅटलोविच यांनी शाळांमधील वर्णभेद रद्द करणाऱ्या 1954 च्या निकालाचे नाव घेतले. त्याच वर्षी त्यांना सेवेतून काढण्यात आले. पण त्यांचे छायाचित्र ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले आणि लष्कराच्या कचेऱ्यांत दडपला जाणारा प्रश्न देशापुढे आला.

1993 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांना बंदी उठवायची होती. सेनाधिकारी आणि काँग्रेस यांच्या विरोधामुळे तडजोड झाली आणि ‘विचारू नका, सांगू नका’ हे धोरण कायद्यात उतरले. सैनिकाने मौन पाळले तर नोकरी टिके, ओळख उघड झाली तर जाई. या कायद्याखाली 13 हजारांहून अधिक सैनिक सेवेतून गेले. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांत अरबी भाषेच्या जाणकारांची निकड असतानाही काही दुभाष्यांना याच कारणाने काढले गेले.

फॅनिंग 2009 मध्ये नौदल खात्याच्या वरिष्ठ नागरी पदावर आले, तेव्हा हा कायदा लागूच होता. नागरी नोकऱ्यांवरील बंदी तोवर उठली होती. त्यामुळे नागरी अधिकाऱ्याला जे उघडपणे सांगता येत होते, तेच सांगितल्याबद्दल खलाशाची नोकरी जात होती. डिसेंबर 2010 मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी कायदा रद्द करण्याच्या विधेयकावर सही केली आणि 20 सप्टेंबर 2011 रोजी बंदी प्रत्यक्षात संपली. ऑगस्ट 2012 मध्ये टॅमी स्मिथ ब्रिगेडियर जनरल झाल्या. पदोन्नतीच्या समारंभात त्यांच्या खांद्यावर तारा लावणाऱ्यांत त्यांची पत्नीही होती.

फॅनिंग यांनी 2013 मध्ये काही महिने हवाई दलाचे सचिवपद हंगामी सांभाळले. ओबामांनी सप्टेंबर 2015 मध्ये लष्कर सचिवपदासाठी त्यांचे नाव सुचवले. त्यानंतर कॅन्ससचे सिनेटर पॅट रॉबर्ट्स यांनी नियुक्ती रोखून धरली. पण त्यांचा आक्षेप फॅनिंग यांच्यावर नव्हता. ग्वांटानामो येथील अमेरिकी लष्करी तुरुंगातले कैदी आपल्या राज्यातील फोर्ट लेव्हनवर्थ या लष्करी तळावर आणले जाऊ नयेत, यासाठी ते अडून बसले होते. तेवढे आश्वासन मिळताच त्यांनी अडवणूक सोडली. ज्या कारणासाठी कॅमेनींची नोकरी गेली, ते कारण या अडवणुकीत पुढेच आले नाही. बदल किती खोलवर गेला होता, हे यावरून दिसते.

जानेवारी 2017 मध्ये ओबामा प्रशासनाबरोबर फॅनिंग पदावरून दूर झाले. 2021 मध्ये जीना ऑर्टिझ जोन्स हवाई दलाच्या उपसचिव झाल्या. पूर्वी त्याच दलात अधिकारी असताना त्यांना आपली ओळख लपवून नोकरी करावी लागली होती. या नियुक्त्यांचे श्रेय केवळ नेमणूक करणाऱ्या अध्यक्षांना देता येणार नाही. नोकरी, निवृत्तिवेतन आणि प्रतिष्ठा गमावूनही खरे बोललेल्या माणसांनी ही वाट तयार केली, आणि या इतिहासात पहिला मान त्यांचाच आहे.