खाणीचे नाव, खड्याचा रंग

ब्रह्मपुरीहून पूर्वेकडे निघून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. आरमोरीच्या पुढे, खोब्रागडी आणि सातनाला या नद्यांच्या संगमाजवळ वैरागड आहे. १९८२ साली जिल्ह्याची विभागणी होईपर्यंत ब्रह्मपुरी आणि वैरागड दोन्ही चंद्रपूर जिल्ह्यातच होती. शाळांच्या सहली इथे किल्ला आणि भंडारेश्वराचे देऊळ पाहायला जातात. पण हे गाव एके काळी हिऱ्यांसाठी प्रसिद्ध होते, हे सहलीतल्या किती मुलांना कोणी सांगत असेल?

गावाचे नाव वैरोचन राजावरून पडले अशी दंतकथा आहे. अभ्यासक मात्र ‘वज्राकर’ या शब्दाकडे बोट दाखवतात. वज्र म्हणजे हिरा आणि आकर म्हणजे खाण. अकराव्या शतकातल्या कुलोत्तुंग चोळाच्या तमिळ शिलालेखांत ‘वयिरागरम्’ येथे हत्ती पकडल्याचा उल्लेख येतो. ते हेच ठिकाण असे मानले जाते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त चांद्याच्या गोंड राजाच्या मुलखाचे वर्णन करताना इथल्या हिऱ्याच्या खाणीची नोंद केली आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरच्या वेळी मात्र ही गोष्ट ‘पूर्वी हिरे मिळत’ अशी भूतकाळात गेलेली दिसते.

खाण असली की तिच्या मालाची ख्याती होते आणि ख्याती झाली की तिची यादीही होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हिऱ्यांची नावे प्रदेशांवरून दिली आहेत. त्यांतल्या ‘सभाराष्ट्रक’ हिऱ्याचा अर्थ टीकाकारांनी विदर्भातला हिरा असा लावला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत तर प्रत्येक प्रदेशाला एकेक रंगच वाटून दिला. वेणातटाचा हिरा विशुद्ध, कोसलचा शिरीषाच्या फुलासारखा, सौराष्ट्राचा तांबूस, कलिंगाचा पिवळसर आणि शूर्पारकाचा काळा. ही वेणा नेमकी कोणती यावर वाद आहे. कोणी वैनगंगा म्हणतात, कोणी कृष्णा. (हिंगणघाटचे लोक त्यांच्या वेणा नदीचा हक्क सांगतील तर त्यांनाही दोष देता येणार नाही!)

असाच प्रकार त्याआधी पाचशे वर्षे रोममध्ये चालू होता. तिथे तो जांभळ्या स्फटिकाच्या, म्हणजे ॲमेथिस्टच्या बाबतीत होता. आपल्याकडचे जव्हेरी याला जमुनिया किंवा कटेला म्हणतात आणि नीलम परवडत नाही त्याला उपरत्न म्हणून सुचवतात. इ. स. ७९ मध्ये मरण पावलेल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात या खड्याची प्रतवारी ठिकाणांवरून लावली आहे. पहिला मान भारताचा. मग अरबस्तानातील पेट्राचा परिसर, आर्मेनिया, इजिप्त, गॅलेशिया यांची नावे येतात. सर्वांत हलका माल थॅसॉस आणि सायप्रस बेटांचा.

या याद्या कितपत खऱ्या? एक नाव तपासून पाहू. शूर्पारक म्हणजे वसईजवळचे सोपारे. त्या भागातला खडक दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट. हिरा तयार होतो सुमारे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून जास्त खोलीवर, आणि वर येतो तो किंबर्लाइटसारख्या वेगळ्याच खडकातून. सोपाऱ्यात हिऱ्याची खाण असण्याचे कारण नाही. पण सोपारे हे मोठे बंदर होते. तिथे हिरा विकत मिळत असणार, आणि विकणाऱ्याच्या गावाचे नाव त्याला चिकटले असणार. उलट वैरागडच्या भागातले खडक अतिप्राचीन आहेत. त्याच जुन्या भूखंडावर पूर्वेला छत्तीसगडमध्ये मैनपूरजवळ किंबर्लाइटही सापडले आहेत. म्हणजे यादीतले कोसल, म्हणजे दक्षिण कोसल, परीक्षेत उतरते. वेणा वैनगंगा असेल तर तीही उतरते. सोपारे मात्र नापास!

तरी यादी पुढे चालत राहिली. ठक्कुर फेरू हा अलाउद्दीन खिलजीच्या काळातला जाणकार. दिल्लीच्या खजिन्यातली रत्ने त्याने प्रत्यक्ष पाहिली होती. १३१५ साली त्याने प्राकृतात ‘रयणपरिक्खा’ लिहिली, आणि हिऱ्यांच्या स्थानांची नावे मात्र जवळपास तीच जुनी दिली. समोर हिऱ्यांचा ढीग असूनही जुन्या पोथीचा आधार सुटला नाही.

आता जमुनियाकडे वळू. त्याचा रंग कुठून येतो, हे समजले की खाणीच्या नावाची किंमतही समजते. तो साधा क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. त्यात काही सिलिकॉन अणूंच्या जागी लोहाचे अणू बसलेले असतात. तेवढ्याने जांभळा रंग येत नाही. आसपासच्या खडकातील पोटॅशियमसारख्या मूलद्रव्यांमधून होणारा मंद किरणोत्सर्ग लाखो वर्षे त्या स्फटिकावर पडत राहतो. त्यामुळे लोहाजवळचे इलेक्ट्रॉन जागा बदलतात, आणि मग जांभळा रंग दिसू लागतो. हाच खडा चारशे-पाचशे अंश सेल्सियसपर्यंत तापवला तर रंग जातो आणि बहुधा पिवळा किंवा तपकिरी होतो. बाजारातला बराचसा ‘सिट्रीन’ असा भाजलेला जमुनियाच असतो. काही मोजक्या खाणींचा माल तापवल्यावर हिरवा होतो. म्हणजे खाणीखाणीत फरक आहे हे खरे. पण तो लोह किती, कोणत्या स्वरूपात आणि किरणोत्सर्ग किती, यातला फरक आहे.

आपल्या जालना, अजिंठा भागात बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये जांभळे स्फटिक मिळतात. ते बहुधा फिकट असतात. कापून अंगठीत बसवण्यापेक्षा संग्राहकांच्या कपाटातच ते जास्त शोभतात. गंमत अशी की ब्राझीलच्या दक्षिण टोकाचा आणि उरुग्वेचा मालही अशाच बेसाल्टमधून येतो, आणि उरुग्वेचा जमुनिया गडद रंगासाठी नावाजलेला आहे. खडक सारखा असूनही रंग सारखा नाही. एकोणिसाव्या शतकात तिकडचा माल युरोपात भरभरून आला आणि एके काळी माणकाच्या पंक्तीत बसणारा हा खडा स्वस्त झाला. त्याआधी रशियातील उरल पर्वतातल्या खड्यांचा दबदबा होता. लाल-निळी झाक मारणाऱ्या गडद खड्याला व्यापारी अजूनही ‘सैबेरियन’ म्हणतात, मग तो झांबियातून का आलेला असेना. हिऱ्यांत ‘गोवळकोंडा’ या नावाचे तेच झाले. गोवळकोंडा ही बाजारपेठ होती, खाणी कृष्णेकाठी कोल्लूरला होत्या. आज नायट्रोजन जवळजवळ नसलेल्या, अतिशय स्वच्छ हिऱ्याला ते नाव देतात. गावाचे नाव प्रतीचे नाव होऊन बसते.

हातातल्या जमुनियाबद्दल आपल्याला काय सांगता येईल? घनता २.६५ आणि कठिनता ७. ती जालन्याची असो की झांबियाची, सारखीच. रंग मात्र दिवसाच्या उजेडात आणि साध्या बल्बखाली वेगवेगळा दिसतो, बल्बखाली तांबूस झाक वाढते. म्हणून दोन्हीकडे पाहावा. भिंग लावले तर रंगाचे सरळ पट्टे दिसतात. स्फटिकाच्या टोकाशी रंग बहुधा दाट असतो आणि कुशल कारागीर तो दाट भाग खड्याच्या तळाशी ठेवतो, म्हणजे वरून सगळाच खडा जांभळा दिसतो. प्रयोगशाळेत तयार केलेला जमुनिया १९७० च्या दशकापासून बाजारात आहे, आणि तो नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण. खाण ठरवायची तर आतले सूक्ष्म खनिजकण आणि अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्ये तपासावी लागतात, आणि तरीही उत्तर नेहमी पक्के मिळतेच असे नाही.

शाळेच्या नमुन्यांच्या पेटीत असा स्फटिक असेल तर तो खिडकीच्या उन्हात ठेवू नये, काही खडे उन्हाने फिके पडतात. आणि त्याखालच्या चिठ्ठीवर दोन रकाने करावेत: सापडला कुठे, आणि विकत घेतला कुठे. पहिला रकाना कोरा ठेवावा लागला तरी चालेल.