इलेक्ट्रिक वाहनांच्या वापरलेल्या बॅटऱ्या : घरगुती वीज साठवणुकीसाठी पुनर्वापर

घराच्या छतावर सौर संच बसवलेल्या किंवा बसवू इच्छिणाऱ्या अनेक लाभार्थ्यांना बाजारात इलेक्ट्रिक कार किंवा स्कूटरची जुनी बॅटरी स्वस्तात देऊ केली जाते. अशी बॅटरी घरासाठी उपयोगी पडू शकते. मात्र ती योग्य प्रकारे तपासलेली व जोडलेली नसेल, तर पैसे वाया जातात आणि आगीचा धोकाही असतो. निर्णय घेण्यापूर्वी आवश्यक असलेली माहिती या लेखात दिली आहे.

बॅटरीचा दुसरा वापर म्हणजे काय?

वाहनातील लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापरानुसार कमी होत जाते. साधारणपणे मूळ क्षमतेच्या ७० ते ८० टक्के क्षमता उरली, की वाहन एका चार्जवर पुरेसे अंतर जात नाही व बॅटरी बदलली जाते. घरात मात्र बॅटरी एका जागी ठेवायची असते, तिचे वजन अडचणीचे नसते आणि पंखे व दिवे यांना वाहनासारखी एकदम जास्त वीज लागत नाही. त्यामुळे वाहनातून काढलेली बॅटरी घरासाठी आणखी काही वर्षे चालू शकते.

ई-रिक्षांमध्ये मोठ्या प्रमाणावर लेड-ॲसिड बॅटऱ्या वापरल्या जातात. हा लेख त्यांच्याविषयी नाही. लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता संपल्यावर ती अधिकृत विक्रेत्याकडे परत करावी.

आपल्याला बॅटरीची गरज आहे का?

प्रधानमंत्री सूर्य घर : मोफत वीज योजनेअंतर्गत (२०२४) घरगुती सौर संचासाठी पुढीलप्रमाणे केंद्रीय अर्थसाहाय्य मिळते :

- १ किलोवॅट : ३०,००० रुपये
- २ किलोवॅट : ६०,००० रुपये
- ३ किलोवॅट किंवा अधिक : कमाल ७८,००० रुपये

ही रक्कम सौर संचाच्या क्षमतेवर ठरते. बॅटरीसाठी वेगळी रक्कम त्यात धरलेली नाही. "बॅटरी घेतली तर अनुदान वाढेल" असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

ग्रीडला जोडलेला साधा सौर संच वीज गेल्यावर सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो. भर दुपारी ऊन असले तरी अशा वेळी घरात वीज मिळत नाही. त्यामुळे आपल्या भागात वीज वारंवार जात असेल, तर बॅटरीचा विचार करता येईल. वीज क्वचितच जात असेल आणि नेट मीटरिंगमुळे जादा वीज बिलात वळती होत असेल, तर बॅटरीवर खर्च करण्याचे कारण उरत नाही.

किती वेळ वीज मिळेल? एक उदाहरण

समजा, स्कूटरची जुनी बॅटरी मूळ ३ युनिट (किलोवॅट-तास) क्षमतेची आहे.

- ७० टक्के क्षमता उरली असल्यास : २.१ युनिट
- आयुष्य टिकावे म्हणून त्यातील ८० टक्केच वापरल्यास : सुमारे १.७ युनिट
- इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के घट धरल्यास : सुमारे १.४ युनिट

९ वॅटचे ४ दिवे, ७५ वॅटचे २ पंखे आणि ५० वॅटचा एक टीव्ही मिळून २३६ वॅट होतात. एवढ्या भारावर ही बॅटरी सुमारे ६ तास चालेल. गिझर, इस्त्री किंवा पाण्याची मोटर तिच्यावर चालवू नये. विक्रेता मूळ क्षमता सांगत असेल, तर आज उरलेली क्षमता किती, हे आवर्जून विचारावे.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

१. नोंदणी : बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार बॅटरीचे नूतनीकरण करणाऱ्याने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे (केंद्रशासित प्रदेशात प्रदूषण नियंत्रण समिती). नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागावी.

२. चाचणी अहवाल : उरलेल्या क्षमतेची टक्केवारी व चाचणीची तारीख लेखी घ्यावी.

३. बीएमएस : ही बॅटरीच्या आतील नियंत्रण यंत्रणा असते. प्रत्येक सेलचा व्होल्टेज व तापमान यांवर ती लक्ष ठेवते आणि धोका दिसताच बॅटरी बंद करते. बीएमएस नसलेली बॅटरी घेऊ नये.

४. रसायन : लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी) प्रकार उष्णता तुलनेने चांगली सहन करतो. घरासाठी त्याला प्राधान्य द्यावे.

५. इन्व्हर्टर : लेड-ॲसिड बॅटरीसाठीच बनवलेल्या इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी थेट जोडू नये. दोन्हींची चार्जिंगची पद्धत वेगळी असते. सौर संचासोबत वापरायची असल्यास हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

६. पक्के बिल व लेखी हमी : वाहनाच्या कंपनीची हमी घरगुती वापराला लागू होईल असे गृहीत धरू नये.

योजनेतून बसवलेल्या संचाच्या देखभालीची ५ वर्षांची जबाबदारी विक्रेत्यावर असते. म्हणून संचात कोणताही बदल करण्यापूर्वी तो विक्रेता व आपली वीज वितरण कंपनी यांना विचारावे.

सुरक्षिततेसाठी

- कारच्या पूर्ण बॅटरीचा व्होल्टेज ३०० ते ४०० किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. हा झटका जीवघेणा असतो. ती घरी उघडू नये; स्थानिक मेकॅनिककडूनही उघडून घेऊ नये.
- फुगलेली, गळणारी, आपटलेली किंवा पुरात भिजलेली बॅटरी कोणत्याही किमतीत घेऊ नये.
- बॅटरी झोपण्याच्या खोलीत, जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवू नये. हवेशीर, कोरडी व थेट ऊन नसलेली जागा निवडावी.
- थंड प्रदेशात तापमान शून्य अंशाखाली असताना लिथियम बॅटरी चार्ज केल्यास ती आतून खराब होते.
- धूर दिसल्यास किंवा विचित्र वास आल्यास सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे व ११२ क्रमांकावर कळवावे. हा धूर विषारी असतो. सामान वाचवण्यासाठी परत आत जाऊ नये.

बॅटरी पूर्ण निकामी झाल्यावर

निकामी बॅटरी घरगुती कचऱ्यात टाकू नये, जाळू किंवा पुरू नये. २०२२ च्या नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन, नूतनीकरण किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे सोपवणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. त्यातील लिथियम, तांबे, ॲल्युमिनियम, तसेच काही प्रकारांतील निकेल व कोबाल्ट पुन्हा मिळवता येतात.

तक्रार कोठे करावी?

खोटा चाचणी अहवाल, हमी नाकारणे किंवा सदोष बॅटरी याबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. बिल, हमीपत्र व बॅटरीवरील क्रमांकाचे छायाचित्र जपून ठेवावे. तक्रार करताना हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.